गुलशनाबादेतले साडेतीन खण

या जगात माझ्या मालकीची म्हणून साडेतीन खण जागा होती. जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या चढावर एका बोळात आमचा वडिलोपार्जित वाडा, त्यात. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या सुनेला लग्नानंतर मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "वाड्यात आपले साडेतीन खण आहेत बरं का!" तर ती बिचारी म्हणाली, "मग चार करून घ्या ना बाबा. आईंचे दोन ब्लाउज होतील, माझे दोन."

या साडेतीनांपैकी एक खण ओसरीवर, दोन माडीवर आणि अर्धा जिन्यात. जिन्याच्या अकरा पायऱ्यांपैकी पाच आमच्या आणि सहा चुलत घराण्याच्या. वाटणीपत्र लिहिणारे आमचे पणजोबा न्यायाला इतके काटेकोर होते की, पाच पायऱ्या चढून माणसाने पुढे काय करावं, हा क्षुद्र विचार त्यांच्या मनाला शिवलाच नाही.

वाड्याला एकूण तेवीस हिस्सेदार. सतरा पुण्यात, दोन अमेरिकेत, एक बेळगावात. एकाचा तीस वर्षं पत्ता नव्हता, तो फेसबुकवर सापडला आणि सापडल्याबरोबर त्याने पहिला प्रश्न विचारला, "दर काय चालू आहे?" बाविसावा मी, गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर राहणारा. आणि तेविसाव्या आमच्या काकू. वाड्यात प्रत्यक्ष राहणाऱ्या काय त्या एकट्याच. १९६४ साली त्या लग्न होऊन या वाड्यात आल्या, आणि तेव्हापासून नाशिकबाहेर गेल्या त्या फक्त तीन वेळा. त्यातली एक त्र्यंबकेश्वराची, म्हणजे ती धरायची की नाही हा प्रश्नच आहे.

वाडा बिल्डरला द्यायचं सगळ्यांनी ठरवलं. बावीस सह्या झाल्या. तेविसावी अडली. ती माझी.

मी जास्त पैशासाठी अडून बसलोय, असं पुण्याच्या सतरांचं मत. पैशाची गरज नाही म्हणून बसलोय, असं अमेरिकेच्या दोघांचं. खरं कारण सांगायला मला लाज वाटत होती. मला वाडा आवडायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, लिफ्टने वर येऊन, पंखा लावून आरामखुर्चीत बसलं की मला वाडा फारच आवडायचा. दसऱ्याला आणि रंगपंचमीला मी तिथे जात असे, देवडीतल्या दगडी बाकावर बसून "काय ते दिवस!" असा उसासा सोडत असे, आणि संडासला जायची वेळ यायच्या आत घरी परतत असे.

अशात पुण्याहून भाच्याचा फोन आला. भाचा आर्किटेक्चर शिकतो. म्हणाला, "मामा, माझ्या वर्गातला एक मित्र येतोय. इराणचा आहे, यझद गावचा. त्याला जुनं नाशिक बघायचंय. तू दाखव."

मी हबकलोच. पुण्यात इराणी विद्यार्थी पुष्कळ, हे ठाऊक होतं. पण यझदच्या माणसाने नाशिक बघायला यावं म्हणजे कोल्हापूरकराने सांगलीला तांबडा रस्सा खायला जाण्यासारखं झालं. यझद हे वाळवंटातलं जुनं मातीचं शहर. २०१७ साली युनेस्कोने त्याच्या जुन्या वस्तीला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथल्या घरांवर वारा पकडणारे मनोरे असतात. त्यांना बादगीर म्हणतात. वरून जाणारी झुळूक धरायची आणि खाली बैठकीच्या खोलीत सोडायची. आमच्या वाड्यातही वरून बरंच काही खाली येतं, पण ते बहुतेक पावसाळ्यात.

तरी मी एक हुकमाचं पान राखून ठेवलं होतं. पोरगा आल्याआल्या त्याला म्हटलं, "आमच्या गावाचंही एकेकाळी फारसी नाव होतं. गुलशनाबाद! मोगलांनी ठेवलेलं. पुढे १७५१च्या सुमारास पेशव्यांनी पुन्हा नाशिक केलं."

पोराचे डोळे चमकले. म्हणाला, "गुलशन म्हणजे फुलबाग. आबाद म्हणजे वस्तीने भरलेलं." आणि इकडेतिकडे बघत त्याने विचारलं, "बाग कुठे आहे?"

आम्ही दहीपुलावर उभे होतो. पुढे हातगाडी, मागे हातगाडी, बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकली आणि मधोमध रस्त्याच्या मालकीबद्दल निःशंक असलेली एक गाय. मी म्हटलं, "आबाद तेवढं राहिलं आहे."

"आणि पूल?"

आता काय सांगणार? दहीपुलावर दही नाही आणि पूलही दिसत नाही. खालून सरस्वती नाला जातो, तो झाकलेला. तो आहे याची आठवण पावसाळ्यात होते. गंगेला पूर आला की पाणी नाल्यातून उलटं मागे सरकतं आणि दहीपूल, सराफ बाजार, भांडीबाजार इथे दुकानदारांना भेटून जातं. गंगा म्हणजे गोदावरी. आम्ही नाशिककर तिला गोदावरी फक्त भूगोलाच्या पेपरात म्हणतो.

तिथून दिल्ली दरवाजाकडे गेलो. पोराने मान वर करून कमान शोधली. मग खाली बघून पाया शोधला. मग माझ्याकडे बघितलं. फारसीत म्हणे साध्या दाराला 'दर'च म्हणतात. 'दरवाजे' म्हणजे गावाची भव्य वेस. तेवढी मोठी वस्तू हरवावी कशी, हे त्याला उमगेना. मी त्याला समजावलं की आमच्याकडे दिल्ली दरवाजा, त्र्यंबक दरवाजा, नाव दरवाजा हे सगळे पत्ते आहेत. रिक्षावाल्याला नुसतं "त्र्यंबक दरवाजा" म्हटलं की तो बरोबर नेतो आणि जिथे काहीच नाही अशा जागी "आला दरवाजा" म्हणून उतरवतो. त्याचे पैसेही आपण देतो.

"हे फार चांगलं आहे," पोरगा वहीत काहीतरी टिपत म्हणाला. त्याला त्यात काय चांगलं दिसलं ते मला तेव्हा कळलं नाही.

आता नाशिकच्या भूगोलाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. नाशिक हे नाव कुठून आलं याबद्दल गावात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथे कापलं म्हणून. दुसरा म्हणतो, गाव नऊ टेकांवर वसलेलं म्हणून नवशिख. मी दुसऱ्या पक्षाचा. सबंध गाव एका बाईच्या अपमानावर उभं असण्यापेक्षा टेकड्यांवर उभं असलेलं बरं. पण हे नऊ टेक कोणते, हे मात्र विचारू नये. जुनी गढी, नवी गढी, चित्रघंटा, डिंगर आळी, म्हसरूळ टेक इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. सहाव्यापासून आवाज चढू लागतात. प्रत्येकाच्या नऊत स्वतःच्या आळीचा टेक असतोच, त्यामुळे गावातले सगळे मिळून टेक सतरा-अठरा होतात. माझे वडील तर आमच्या बोळातला चढही धरायचे. तो चढ आहे हे खरं. दूधवाला अजून सायकलवरून उतरतो.

पोराने हे सगळं ऐकलं, दोन दिवस पायी हिंडला आणि तिसऱ्या दिवशी मला माझ्याच गावाचा भूगोल सांगितला. म्हणाला, "तुमचं गाव पाण्याला भिऊन उंच जाऊन बसलंय. घरं टेकावर आणि बाजार खोलगटात. कारण माल भिजला तरी चालेल, माणसं भिजू नयेत. आमच्या गावी उलटं. आमची जुनी घरं पाण्यासाठी जमिनीत उतरतात. जमिनीखालून कनात वाहते, म्हणजे डोंगरापासून खणत आणलेला पाण्याचा बोगदा. त्याच्यापर्यंत पोचायचं म्हणून अंगणसुद्धा खोल खणतात."

साठ वर्षं या चढावर धापा टाकल्या, पण तो पाण्यासाठी आहे हे मला सांगायला माणूस यझदहून यावा लागला. मग १९६९चा पूर आठवला. तेव्हा मी लहान होतो. नाशकात पूर क्युसेकमध्ये मोजत नाहीत, दुतोंड्या मारुतीवर मोजतात. मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असे निरोप आळीत येत जातात. त्या दिवशी मारुतीचे निरोप संपले आणि सरकारवाड्याच्या पायऱ्यांचे सुरू झाले. आमच्या वाड्यात पाण्याचा थेंब शिरला नाही. शिरली ती खालच्या बाजारातली माणसं. काकूंनी दोन दिवस पिठलं-भात रांधला म्हणे. २००८च्या पुरातही तेच. म्हणजे आमच्या पूर्वजांना जिना वाटता येत नव्हता हे खरं, पण घर कुठे बांधावं हे बरोबर कळत होतं.

मग वाड्यावर गेलो.

आमच्या लहानपणी देवडीत शिरायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. आता एक उतरावी लागते. वाडा खचलेला नाही; रस्ता वर आला. जुन्या डांबरावर नवं डांबर, त्यावर आणखी नवं, असं करत पन्नास वर्षांत रस्त्याने वाड्याचं जोतं गिळलं. पावसाचं पाणी पूर्वी आमच्या दारावरून पुढे जात असे. आता ते आत येतं, चौकात बसतं आणि सावकाश भिंतीत मुरतं.

दाराला डाव्या हाताला नोटिसा होत्या. 'ही इमारत धोकादायक असून...' दर जूनमध्ये एक. जुनी काढायचे कष्ट कुणी घेत नसल्यामुळे नवी नोटीस जुनीवर चिकटत गेली होती, आणि त्यांचा चांगला बोटभर जाड पुठ्ठा झाला होता. काकूंचं म्हणणं, त्या बाजूची भिंत खळीनेच धरली आहे.

पोरगा देवडीत शिरला आणि थांबला. अंधारात दोन्ही बाजूंच्या दगडी बाकांवर त्याने हात फिरवला. रस्त्यावरच्याला थेट चौक दिसू नये म्हणून वाट डावीकडे वळते, तिथे तो उभा राहिला. म्हणाला, "हे आमचं हश्ती आहे. आमच्याकडे ते आठकोनी असतं. असाच अंधार, असेच बाक, अशीच वळलेली वाट." मग तो बाहेर जाऊन दारावर काहीतरी शोधू लागला. त्यांच्या जुन्या दारांना म्हणे दोन ठोकणे असतात. एक बायकांसाठी, एक पुरुषांसाठी. आवाज वेगळा, त्यामुळे आतून कळतं कोण आलंय ते आणि दार कुणी उघडायला जायचं ते.

मी हे काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "आमच्याकडे पुरुषांनी कडी वाजवली काय नि बायकांनी वाजवली काय, उघडायला मीच."

पुढचा तासभर मला जो काही चमत्कार बघायला मिळाला, त्याची मला कल्पना नव्हती. पोरगा एकेका वस्तूवर बोट ठेवायचा, "याला काय म्हणता?" विचारायचा आणि उत्तर ऐकून हसायचा. दालन. "दालान!" तावदान. "ताबदान!" पडदा, बाजार, दिवाणखाना, जमीन, रस्ता, सगळं त्याच्या ओळखीचं. भिंतीचा गिलावा निघाला होता, तिथे तो थबकला. गिल म्हणजे माती. यझदच्या भिंतींना गवताचा काड मिसळलेल्या चिखलाचा लेप देतात, त्याला ते काहगिल म्हणतात. आमच्या गिलाव्यातही भुसा दिसत होताच. मी मोठ्या मराठी बाण्याने ज्या वाड्याचा अभिमान धरून बसलो होतो, त्याच्या भिंती-दारांतून निम्मं इराण राहत होतं. तेही बिनभाड्याने.

आणि मग खांब. ओसरीचे सागवानी खांब, खाली बारीक, मध्ये फुगीर, वर निमुळते, माथ्यावर केळफूल. "याला सुरूचे खांब म्हणतात," मी म्हटलं. पोरगा काही बोलला नाही. त्याने खांबाला मिठीच मारली. सर्व म्हणजे त्यांच्याकडचा सायप्रसचा वृक्ष. यझदच्याच मुलखात अबरकूह म्हणून गाव आहे, तिथला सर्व काही हजार वर्षांचा मानतात. तो आणि त्याची आजी दर वर्षी त्याच्या सावलीत जेवायला जायची. ते झाड इतके डोंगर, समुद्र आणि बादशाह्या ओलांडून आमच्या ओसरीवर येऊन उभं राहिलं होतं, आणि आम्ही त्याला दोरी बांधून त्यावर टॉवेल वाळत घालत होतो.

माझा ऊर भरून आला. मी म्हटलं, "बघितलंत काकू? केवढा ठेवा आहे हा! आणि लोक म्हणतात, पाडा."

काकू थालीपीठ थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "अरे, तुला वाडा हवाय. मला संडास हवाय."

मी गप्प.

"चौक ओलांडून, मागच्या पडवीतून, चार पायऱ्या उतरून जावं लागतं. रात्री दोनदा. पावसाळ्यात छत्री घेऊन. माझी सही पहिली आहे त्या कागदावर, माहीत आहे ना? तेवीस जणांत पहिली. बिल्डर म्हणाला, काकू नीट वाचून घ्या. मी म्हटलं, यात कमोड लिहिलंय का एवढंच सांग."

पोराला मी हे कसंबसं भाषांतर करून सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "माझी आजी पण." यझदचं तिचं जुनं घर मोठं, चौकाचं, हौदाचं. पण पायऱ्या फार, थंडीत उबेला एकच खोली. पोरं तेहरानला. शेवटी तिने घर विकलं आणि नव्या वस्तीत दोन खोल्यांत राहायला गेली. घर पडलं नाही. त्याचं हॉटेल झालं. पर्यटक येतात, चौकात लाकडी बाजेवर बसून चहा पितात. आजी एकदा तिथे गेली होती, स्वतःच्याच दिवाणखान्यात बसून चहा पिऊन आली.

काकूंनी थालीपीठ उलटलं. "मग," त्यांनी विचारलं, "तिला चहाचे पैसे पडले का?"

पोराने आठवून सांगितलं, "हो. घेतले त्यांनी."

"बघ!" काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या. जणू काही ते पैसे मीच घेतले होते.

संध्याकाळी त्याला गंगेकाठी नेलं. तिथे जुनी मातीची गढी आहे. १९५०-५१ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी ती खणली, तेव्हा थराखाली थर निघत ताम्रपाषाणयुगापर्यंत गेले. म्हणजे एकावर एक कित्येक गावं. प्रत्येकाने आधीच्या पडलेल्या भिंतींवर आपल्या भिंती उभ्या केल्या. आमच्या बोळातल्या डांबरासारखंच. आणि काझीच्या गढीवर आजही घरं आहेत, अगदी कड्याला. पावसाळ्यात कड्याची माती सुटते, एखाद्याचं न्हाणीघर खाली जातं, तरी लोक राहतात. खाली नाही तर जायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो माझ्या उसाशाने सुटण्यासारखा नाही.

पोरगा बराच वेळ ती माती बघत होता. मग त्याने बमची गोष्ट सांगितली. बम हे इराणातलंच गाव, तिथला मातीचा किल्ला जगातला सर्वांत मोठा मानत. २६ डिसेंबर २००३च्या पहाटे भूकंप झाला. किल्ला तर गेलाच, पण गावात पंचवीस हजारांवर माणसं गेली. म्हणाला, "किल्ला नंतर पुष्कळसा परत बांधला. माती होतीच तिथे." पुढे तो काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

परतताना त्याने मला एकच गोष्ट शिकवली, ती या विषयावर मी आजवर वाचलेल्या सगळ्यापेक्षा उपयोगी आहे. म्हणाला, यझदला वर्षाचा पाऊस दोन-अडीच इंच. माती तिथे शेकडो वर्षं टिकते. तुमच्याकडे तेवढा एका दुपारी पडतो. तुमचा वाडा उभा आहे तो भिंतींवर नाही, लाकडाच्या सांगाड्यावर. भिंत नुसती भरणी. कौल सरकलं की पाणी तुळईच्या भिंतीतल्या टोकाला लागतं. टोक आधी कुजतं. ते बाहेरून दिसत नाही. भिंतीला पोट आलं की समजावं, आत टोक गेलं.

वाड्यात कौल कोण सरकवणार? माकडं सरकवतात, पण जागेवर कोण बसवणार? खालच्या दोन खोल्यांत भाडेकरू होते. भाडे-नियंत्रणाच्या कृपेने महिना बारा रुपये. बारा रुपयांत मालकाने छप्पर शाकारावं ही त्यांची अपेक्षा, आणि बारा रुपये देणाऱ्याने छपराकडे बघू नये ही आमची. तेवीस मालक, प्रत्येकाला वाटे, गळतंय ते दुसऱ्याच्या खणात. एका कौलासाठी पुण्याला सतरा फोन करायचे! पणजोबांनी जमीन वाटली, पायऱ्या वाटल्या, आडावरच्या पाळ्यासुद्धा वाटल्या. छप्पर तेवढं वाटायचं राहिलं.

मी घरी गेलो तो माजघराच्या मागच्या भिंतीचं पोट डोळ्यांसमोर घेऊन. ते पोट मी लहानपणापासून बघत होतो. आम्ही त्याला 'गणपती' म्हणायचो. तरी सही केली नाही. माणूस पुराव्याने बदलतो असं म्हणतात. मी बदललो नाही. भाच्याला म्हटलं, यझदसारखं हॉटेल करता येईल का बघ. भाचा म्हणाला, "मामा, बोळात रिक्षा येत नाही आणि संडास चौकापलीकडे आहे." संडासाशी येऊन सगळा वारसा अडत होता.

रंगपंचमी आली. तिवंध्याच्या चौकात रहाड उघडली. रहाड म्हणजे रस्त्याखालचा पेशवेकालीन हौद, आठ-दहा फूट खोल. वर्षभर फळ्या घालून, माती टाकून बुजवलेला असतो, वरून गाड्या जातात. त्या एका दिवसासाठी उघडून रंगाने भरतात. तिवंध्याची पिवळी, दिल्ली दरवाजाची केशरी, शनि चौकाची गुलाबी. उडी मारणारा जितका उंचावरून पडेल तितकं काठावरच्यांचं भलं. मी काठावर उभा राहून पिवळा झालो आणि तसाच वाड्यावर गेलो. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "न्हाणीघरात जाऊ नकोस, तिथली फरशी बसली आहे. चौकातच घे अंगावर पाणी."

मग जुलै आला. एका रात्री अडीच वाजता फोन वाजला. काकू शांतपणे म्हणाल्या, "अरे, गणपती गेला."

मला आधी काही कळलंच नाही. मग उठून धावलो. माजघराची मागची भिंत पडली होती. आख्खी. पडताना फळी, डबे, काकांचा फोटो आणि काकूंची खाट घेऊन गेली होती. काकू खाटेवर नव्हत्या. संध्याकाळपासून माजघर गळायला लागलं म्हणून त्यांनी तिथे तीन तपेली, एक परात आणि एक बादली मांडली होती, आणि त्या टपटपाटात झोप येईना म्हणून दिवाणखान्यात सतरंजी टाकून पडल्या होत्या. त्या गळक्या कौलाने त्यांना वाचवलं. जे बसवून घ्यायचं मी तीन वर्षं टाळत होतो, तेच कौल.

"धप्प आवाज आला," त्या सांगत होत्या. "म्हटलं बोक्याने पिंप पाडलं." हात मात्र थरथरत होते. त्यांनी ते पदरात लपवले होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. विटांच्या ढिगाऱ्यातून पाऊस आत येत होता. टॉर्चच्या उजेडात तुळईचं टोक दिसलं. ओल्या केकसारखं झालं होतं. बोट लावलं तर आत गेलं.

उजाडल्यावर मी काकूंना गंगापूर रोडला आणलं आणि देवडीच्या बाकावर बसून सही केली. बाकावर बसूनच करायची, एवढा हट्ट धरला. बिल्डरच्या माणसाने मला कागद उलटसुलट धरायला लावून एकोणीस ठिकाणी सह्या घेतल्या. साडेतीन खणांना एकोणीस सह्या. अर्ध्या खणाच्याच सात असाव्यात.

महिन्याभराने जुनं लाकूड घेणारा आला. त्याच्याशी बोलायला काकू जातीने हजर होत्या. आमच्या घरचा कमोड सोडून त्या चढ चढून आल्या होत्या. सागाचे खांब तो घनफुटावर धरत होता आणि नक्षीचे पैसे द्यायला तयार नव्हता. "नक्षी म्हणजे मधलं लाकूड तासून टाकलेलं, मावशी. उलट कमीच भरतं," त्याचा हिशोब. काकू म्हणाल्या, "मग मलाही कमी भरव. पासष्ट वर्षं तासली गेलेय इथे." (साठ झाली आहेत, पण भाव करताना काकू सगळंच वाढवून सांगतात.) तासाभराने तो माणूस कपाळाचा घाम पुसत वाढवलेल्या आकड्याला आला.

आठांपैकी सात खांब त्याने बाहेर काढून टेम्पोकडे नेले. आठव्याला हात घालताच काकूंनी त्याला थांबवलं. "तो नाही. तो त्या पोराला पाठवायचा आहे."

"कुठल्या पोराला?" मी विचारलं.

"तुझ्या त्या इराणच्या. मिठी मारली नव्हती का त्याने?"

"काकू, नऊ फुटी सागाचा खांब यझदला कसा पाठवणार?"

"पोस्टाने जात नसेल तर राहू दे आपल्याकडे," काकू म्हणाल्या. "त्याला कळव, ये म्हणावं आणि घेऊन जा. आणि आजीलाही आण म्हणावं. आमच्याकडे चहाचे पैसे पडत नाहीत."